मण्यावरची फुंक

बत्तीस मणी फुकट घालवल्यावर तेहतिसावा जमला होता, आणि नेमकी त्याच्यावर अम्मीनं फुंक मारली!

हसू नका. २००७ साली मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. अब्बा दोहाला, घरात अम्मी आणि मी दोघीच. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली होती, तीही एकच. तिथल्या दमयंती मॅडम एकेकटा अणू पकडायचं काम करायच्या. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या मण्यात प्रकाश सोडला की तो आतल्या कडेनं लाखभर फेऱ्या मारतो. एखादा अणू मण्याला खेटून गेला तरी त्या प्रकाशाची पडद्यावरची रेघ बदलते. पुढे त्याच प्रकाशानं त्या अणूला मण्यापाशी धरून ठेवायचं. मॅडम म्हणाल्या होत्या, "चांगला मणी करून दाखव, जागा तुझी." त्या दिवशी लेझर घेऊन त्या बाराला आमच्या कॉलेजात येणार होत्या आणि दोनला निघणार होत्या.

सकाळी बघते तर मण्याच्या डबीचं झाकण उघडं. अम्मी नमाज पढून उठत होती.

"डबी कुणी उघडली?"

"मी गो. दुआ पढले, दम केला."

आमच्याकडे नव्या होडीवर, तापल्या पोरावर, परीक्षेच्या पेनावरसुद्धा दुआ पढून फुंकतात. पण उघड्या मण्यावर? श्वासाची वाफ, थुंकीचे कण! माझं डोकंच फिरलं. "वाट लावलीस माझी! चार महिने घासले मी. हात लावायला कुणी सांगितलं होतं तुला?" मी तीच डबी उचलून तरातरा कॉलेजला निघाले.

मॅडमनी मणी लेझरला लावला. मण्यात प्रकाश टिकला, तर रेघेत सुईसारखा अरुंद खळगा दिसायला हवा होता. दिसला तो परातीसारखा पसरट. "प्रकाश टिकतच नाहीये," मॅडम म्हणाल्या. "नीट सांभाळला नाहीस तू." आईचं नाव सांगायची लाज वाटली मला. मॅडम वायरी गुंडाळायला लागल्या.

तेवढ्यात दारात अम्मी! बुरखा घामानं चिकटलेला, धाप लागलेली. या कॉलेजात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"बाई, चूक माझी हाय. फुंक मी मारली. पोरीची काय चूक नाय."

मॅडमनी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. "मग आत्ता कर दुसरा. माझ्यासमोर."

पंखा बंद केला, बारीक ज्योत पेटवली. काचेच्या बारीक तंतूचं, फायबरचं, टोक वितळलं की काच आपसूक गोल होते, पण टोक ज्योतीत जरा हललं तरी बिघडते. पहिला वाकडा झाला. दुसरा तुटून पडला. दीड वाजला. डोळ्यांत घाम उतरत होता आणि रडूही येत होतं. तिसरा जमला. लेझरला लावला. रेघ सरळच. काहीच नाही. मॅडमनी लेझरचा रंग किंचित बदलणारं बटण हळूहळू फिरवलं आणि मधोमध एकदम खोल, अरुंद खळगा उमटला.

"जूनमध्ये हजर हो," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी अम्मीचा हात धरला. "माफ कर मला. तू माझ्या भल्यासाठीच दुआ मागितलीस आणि मी तुला नाही नाही ते बोलले."

"भल्याची नव्हती गो ती दुआ," अम्मी म्हणाली. "तुझी ही जागा जावी आणि तू माझ्याजवळ राहावीस, असं मागितलं होतं मी."

मग तिनं रिक्षाला हात केला.