दाराला टेकवलेलं वजन

माझ्या नातीला घराण्याचा तक्ता करायचं खूळ लागलं आणि त्यापायी माझी धाकटी बहीण सत्तरीत पोरकी व्हायची वेळ आली.

नातीनं कचेऱ्या पालथ्या घालून सगळ्यांचे जन्मदाखले जमवले. रविवारी जेवणं झाल्यावर तिनं टेबलावर तक्ता पसरला. माझा जन्म टेकडी पालिकेत. दादाचा टेकडी पालिकेत. आणि धाकटीचा नदी पालिकेत.

धाकटीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षरं काही बदलली नाहीत.

"म्हणजे दादा म्हणायचा ते खरंच होतं," ती म्हणाली. "मला पुलाखालून उचलून आणलं."

दादा आता नाही, पण होता तोवर त्यानं तिला हेच म्हणून छळलं. ती हसण्यावारी न्यायची. मला वाटायचं, विसरली असेल. कसली विसरते!

"अगं, दाखल्यावर आईबाप आपलेच आहेत ना?" मी म्हटलं.

"आणलेल्या पोरीला काय शेजाऱ्यांची नावं लावतात? ताई, तू पाहिलंस मला जन्मताना?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "नाही. मला शेजारी धाडलं होतं. परत आले तर तू होतीस."

"होते! म्हणजे आणून ठेवली होती."

नात घाबरली. "धाकटी आजी, मी तिघांनाही आजच्या शहराचं नाव लावते. आता सगळं एकाच पालिकेत आहे. फरक दिसायचाच नाही."

"भोक झाकायला ठिगळ लावतेस होय?" धाकटीनं पिशवी उचलली आणि चालू लागली.

मी नातीला झापलं. "आम्ही जन्मलो तेव्हा हे शहर आमच्या गल्लीपर्यंत पोचलंसुद्धा नव्हतं. ज्याच्या जन्माला जे होतं तेच लिहायचं. आणि धाकटीचं वेगळं का, ते शोध."

रोज सकाळी फोन करून भाजी काय केली ते सांगणारी बाई, तिचा फोन बंद झाला. मला करमेना. शेवटी नातीला घेऊन मीच तिच्या घरी गेले, आणि उंबऱ्यातच माझा अंगठा ठेचकाळला.

"ही धोंड अजून इथंच?" मी ओरडले.

धोंड म्हणजे आमच्या वडिलांच्या किराणा दुकानातलं पाच शेरांचं लोखंडी वजन. दुकान मोडलं तेव्हा दादानं तराजू घेतला, मी बरण्या घेतल्या आणि ही वेडी वजन घेऊन गेली. तेव्हापासून ते तिच्या दाराला टेकू. दार वाऱ्यानं आपटतं ना!

नातीनं ते बाजूला करायला उचललं आणि उलटं धरून बघतच राहिली. खाली शिशाची चकती होती, तिच्यावर बारीक बारीक खुणा.

"आजी, हे काय गं?"

"वजनं तपासणारा साहेब दरवर्षी यायचा. वजन खरं निघालं की आपल्या पालिकेचा छाप आणि साल ठोकायचा. वडील त्याला चहा पाजायचे आणि पाठ वळली की शिव्या घालायचे. टेकडीवाल्यांचा त्रिकोण, नदीवाल्यांची लाट."

नातीनं मोबाइलचा उजेड पाडला. "त्रिकोण, त्रिकोण, आजी, दादाआजोबांच्या आणि तुझ्या जन्माच्या सालीही त्रिकोण... आणि मग लाट! धाकटी आजी, तुझ्या जन्माच्या आदल्या सालापासून सगळ्या लाटाच आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गल्लीतले दिव्याचे खांब एकदा हिरव्याचे निळे केले होते. दादा ओल्या रंगाला टेकला आणि नव्या सदऱ्याची वाट लावून घेतली. पालिका बदलली म्हणून रंगवले, हे आम्हा पोरांना कोण सांगणार?

"दुकान तिथंच, दुकानामागं घर तिथंच," मी धाकटीला म्हटलं. "वजन काय पुलाखाली राहायला गेलं होतं? हद्द सरकली, बये. तू नाही."

धाकटी वजन मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ त्या लाटांवरून बोट फिरवत होती.

"पण मी त्याच घरात जन्मले, हे कशावरून?"

"नाकावरून. आईचं नाक बाहेरून आणता येत नाही. दादाला मिळालं नाही म्हणून तर जळायचा मेला."

ती हसली, आणि हसता हसता पदरानं तेच नाक पुसलं.

नातीनं तिथंच बसून तक्ता दुरुस्त केला. तिघांपुढे तेच घर, तीच गल्ली. प्रत्येकाच्या जन्मावेळची पालिका. हद्द कधी बदलली त्याची टीप. आणि आजच्या शहराचं नाव खाली, वेगळं. आता कुणी शोधायला निघालं तर चुकीच्या कचेरीत हेलपाटे नकोत.

निघताना मी म्हटलं, "ते वजन मला दे. तक्त्याशेजारी ठेवते."

"हात लावू नकोस. माझ्या वडिलांचं आहे."

"अन् माझे कोण होते ते?"

"काय माहीत," धाकटी म्हणाली. "तुला जन्मताना मी कुठं पाहिलंय?"

आता ते वजन तिच्या काचेच्या कपाटात असतं, कपबशांच्या वर. दार दिवसभर आपटत असतं. फोनवर भाजी ऐकताना मला तेही ऐकावं लागतं.