पलूसची सेटिंग, माणची टाकी

मित्रांनो, मी अवघ्या चार वर्षांचा आहे आणि तरीही जुना आहे. मी एक प्रोग्राम, म्हणजे संगणकाला लिहून दिलेले काम आहे.

पलूसच्या साक्षी नावाच्या मुलीने मला लिहिले. पाण्याच्या टाकीतून पातळीचा आकडा घ्यायचा, ठरलेल्या मर्यादेशी ताडायचा आणि गरज पडली तर फोनवर निरोप धाडायचा, एवढेच माझे काम. पलूसला पाणी भरपूर. टाकी काठोकाठ आली की 'मोटार बंद करा' असे मी कळवत असे.

पुढे दुष्काळी माण तालुक्यातल्या एका वाडीने मला मागितले. साक्षीने माझीच प्रत तिकडे नेली. मर्यादा किती आणि निरोप कोणाला, ही सेटिंग मात्र तिने प्रत्येक गावाची वेगळी ठेवली. माणला टाकी पाव उरली की टँकरवाल्या नाथाजीला कळवायचे होते. एकाच वेळी मी इकडे भरल्या टाकीवर ओरडत होतो आणि तिकडे रिकाम्या टाकीवर. मी तर पार गोंधळलो. यातला खरा मी कोणता? पण दोन्हीकडची माणसे माझे कौतुक करीत, म्हणून मी फार विचार केला नाही.

माझ्यात सुधारणा केली तरी साक्षी जुनी आवृत्ती पुसत नसे. क्रमांक घालून ती जपून ठेवी. असा मी पहिल्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा तिसरा झालो.

चौथा मी शिवतेजने केला. तो साक्षीचा सहकारी, हुशार, पण त्या दिवशी घाईत होता. पलूसची सेटिंग त्याने थेट माझ्या पोटातच लिहिली आणि तोच मी दोन्हीकडे पाठवला. काय बदलले, ते कुठे नोंदवले नाही.

एप्रिलात माणची टाकी पाव झाली, मग तळाला गेली. आकडे माझ्याकडे येत होते. माझ्याजवळच्या पलूसच्या मर्यादेप्रमाणे टाकी काठोकाठ नव्हती, म्हणजे सारे ठीक होते, म्हणून मी गप्प राहिलो. वाडीतल्या मेंढपाळ हरणाबाई साठ मेंढरे घेऊन आल्या, तर टाकीखालची जनावरांना पाणी पाजायची डोण कोरडी ठणठणीत. त्या पुढच्या वाडीकडे निघाल्या. वाटेत एक गाभण मेंढी बसली, ती उठलीच नाही.

बातमी कळताच साक्षीने तिसरी आवृत्ती परत लावली. तासाभरात नाथाजीचा टँकर आला. दुसऱ्या दिवशी ती शिवतेजला घेऊन वाडीवर गेली.

"तुजं यंतर मुकं झालं व्हय गं?" हरणाबाईंनी विचारले.

"न्हाई मावशी. आमीच त्याला पलूसचं सांगून ठेवलं."

"मग त्याला हितलं सांगा की! त्याला काय म्हाईत, हितं पाणी न्हाई ते?"

शिवतेज खाली मान घालून म्हणाला, "चूक माजी हाय, मावशी."

हरणाबाई मेंढरे हाकत निघून गेल्या.

मग शिवतेजने पाचवा मी लिहिला. सेटिंग पुन्हा बाहेर काढली आणि माझ्या माथ्यावर एक ओळ घातली: 'एका गावची सेटिंग दुसऱ्याला लावू नका. एक मेंढी गेली आहे.'

ती ओळ पाहून मी पुन्हा गोंधळलो. तिच्यामुळे काही चालत नाही, काही थांबत नाही. संगणक ती वाचतसुद्धा नाही. मग ती कोणासाठी? परवा एक नवी मुलगी कामाला आली. मला हात लावण्याआधी तिने ती ओळ दोनदा वाचली आणि वाडीला फोन लावला, "तुमच्याकडं पाणी किती हाय?"

मित्रांनो, काही बदलाल तेव्हा अशी एक ओळ मागे ठेवत जा.