कोरड्या डोळ्याचं पाणी

सगुणेच्या तोंडाला लागू नये, असं आमच्या आळीत नव्या सुनांना पहिल्या आठवड्यातच सांगतात. सांगोत मेल्या. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी वीस वर्षं म्हणत आले. ते खोटं होतं, हे आधीच सांगून टाकते.

वीस वर्षांपूर्वी माझा नवरा केरू मुंबईला गोदीत कामाला गेला आणि तिकडेच दुसरी बाई करून राहिला. तेव्हा आळीतल्या बायका माझी समजूत घालायला आल्या. मी खराटा घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं, "तो मेला नाही, मीही मेले नाही. रडायचं तर आपापल्या घरी जाऊन रडा." त्या गेल्या त्या गेल्याच. वाटेत भेटल्या तर बोलायच्या, पण माझा उंबरा कुणी ओलांडला नाही. शेजारची हमिदा तेवढी कुंपणापलीकडून हाक मारायची, तीसुद्धा कामापुरती.

मिऱ्याच्या पुळणीवर बोंबील नि सुकट वाळवण्यात माझा जन्म गेला. ऊन, वारा, उडती रेती. त्यापायी उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढायला लागलं आणि वाढत वाढत बुबुळावर चढलं. शहाऐंशी सालच्या माघात तर एका बोंबलाचे दोन दिसायला लागले. रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कापून काढायला हवं. सोबत कोण आहे?" शेवटी हमिदेला विचारलं. ती बिचारी आली, दिवसभर बाकावर बसून राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने मला घरी घेऊन आली.

पट्टी निघाली तेव्हा डोळा लालभडक होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. थांबेचना. त्यातच पाचव्या दिवशी आळीतल्या चिमाच्या भावाची मुंबईहून तार आली. केरू गेला. अग्नी त्या बाईच्या मुलाने दिला होता.

तार वाचून दाखवायला चिमा दारात आली. तिने वर बघितलं तर माझ्या गालावरून धार लागलेली. तिने तार खाली टाकली आणि मला मिठीच मारली. "रड गो बाय, रड. वीस वर्षांचं साठलंय." मी सांगणार होते, अगो, हे ऑपरेशनचं पाणी आहे. पण मला शेवटचं कुणी जवळ घेतलं होतं, ते मला आठवेना. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

सुतकात घरची चूल पेटवत नाहीत. दहा दिवस आळीतून पेज आली, भात आला, डाळ आली. हमिदा आपल्या माडाची शहाळी घेऊन यायची. बायका ओटीवर ओळीने बसायच्या आणि केरूच्या आठवणी काढायच्या. होडी ओढताना कसा आरोळी द्यायचा, माझ्या तोंडाला घाबरून कसा मागच्या दाराने घरात शिरायचा. एवढी माणसं माझ्या ओटीवर लग्नानंतर कधी बसली नव्हती. मी पदराने डोळा टिपत ऐकत राहायचे. मनातून मला बरं वाटत होतं. नवरा मेलाय आणि बाईला बरं वाटतंय! लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

पंधराव्या दिवशी मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "जखम छान भरली. पण तुझा डोळा कोरडा आहे, म्हणून पाणी येतंय."

"कोरडा आहे तर पाणी कसलं?"

"आतला ओलावा कमी पडला की डोळा टोचतो, आणि टोचला की भसाभसा पाणी सोडतो. ते पाणी काही कामाचं नाही. हे थेंब घाल दिवसातून चार वेळा. अश्रूच समज बाटलीतले. कंटाळा केलास तर बुबुळ खरवडेल आणि नजर जाईल, हे लक्षात ठेव."

म्हटलं, आता रडणंही विकतचं झालं. पण थेंब घातले. चार दिवसांत डोळा निवळला, समोरच्या माडावरचे नारळ मोजता यायला लागले. चिमा आली, माझ्याकडे बघून हसली. "सावरलीस हो. बरं झालं." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. मी ओटीवर सतरंजी घालून अंधार पडेपर्यंत बसले होते.

चौथ्या दिवशी मी बाटली फडताळात ठेवून दिली.

दोन दिवसांत पाणी परत आलं. माणसंही परत आली. "अजून रडते बिचारी, केवढा जीव होता बघा." डोळ्यात वाळू भरल्यासारखं टोचायचं, दिवा लावला की त्याच्याभोवती धुकं दिसायचं. मला ठाऊक होतं मी काय करतेय. नजर जाणार हे डॉक्टरीणबाईंनी चांगलं खडसावून सांगितलं होतं. पण नुसती नजर घेऊन मी बघणार होते कुणाला?

महिनाभर असं चाललं. मग एके सकाळी मी विहिरीच्या पायरीवरून घसरून पडले. हमिदेने उचललं, माझा डोळा बघितला आणि तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तिच्यादेखतच कडाडल्या, "थेंब का नाही घातलेस? बुबुळाला जखम झालीय. म्हणूनच तर एवढं पाणी येतंय!"

येताना गाडीत हमिदा म्हणाली, "म्हणजे तू केरूसाठी रडत नव्हतीस?"

"नाही."

"आम्हांला सांगायचंस तरी, सगुणे."

ती काही चुगली करणारी नव्हे. पण आळीत गोष्ट लपते थोडीच! आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. कुणी भांडलं नाही. चिमा वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "आम्ही तुझ्यासाठी खरं रडलो गो." तिच्यापुढे मला तोंड उघडता आलं नाही. पहिल्यांदाच.

मी नेमाने थेंब घातले. जखम भरली, नजर राहिली. चैत्र लागला तशी परत पुळणीवर जायला लागले. चिंगळी आणि करदी, दोन्ही बारकी कोळंबीच, पण लांबूनसुद्धा वेगळी दिसायची. घरी येऊन एकटीचा भात शिजवायचा, खायचा, निजायचं.

एका दुपारी सुकट पसरून घरी आले, ओटीवर टेकले आणि काय झालं कोण जाणे, केरू मेला हे मला तेव्हा कळलं. तार येऊन दोन महिने झाले होते. बायकांनी एवढ्या आठवणी काढल्या होत्या, त्या माझ्या आत कुठेतरी जाऊन बसल्या होत्या. तो मागच्या दाराने आता कधीच शिरणार नव्हता. इतकी वर्षं मी त्या दाराला कडी घातली नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. मला रडू फुटलं. हुंदका आवरेना. डाव्या डोळ्याला तर काही झालंच नव्हतं, तोही वाहत होता.

चिमा कळशी घेऊन समोरून चालली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती क्षणभर थांबली.

"थेंब घाल गो डोळ्यात," ती म्हणाली, आणि कळशी सावरत विहिरीकडे गेली.