झेंड्याला कासरा

पंधरा ऑगस्टची सकाळ. बरकतपुऱ्यातल्या मैदानाच्या कोपऱ्यावर जे पत्र्याचं घर आहे, त्याच्यासमोर देवराव आणि भागूबाई या नवरा-बायकोची चांगलीच जुंपली होती. कारण होतं एक शाल. ती अजून अंगावर पडायची होती, पण तिच्या भरवशावर देवरावांनी म्हैस घालवायला होकार देऊन टाकला होता, आणि हे कळल्यापासून भागूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"शालीपायी म्हस घालवायलालाव तुमी! लाज कशी वाटंना?"

"शालीपायी न्हाई. सत्कार हाय माझा. ज्येष्ठ नागरिक म्हनून. पहिल्या रांगंत खुर्ची हाय."

"तुमाला खुर्ची आन् चांदीला टेंपो! दिस भरलेत तिचे. कास उतरली, सड तट्ट झालेत. आज-उद्या वेनार ती. टेंपोच्या गचक्यानं काय इपरीत झालं म्हंजे? पोटातलं जाईल, तीबी जाईल. मंग ती शाल दोघींवर पांघरा!"

इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याची गुंडी लावता लावता देवराव उगीच आभाळाकडं बघत राहिले. आभाळ भरून आलेलं होतं, पण पडत नव्हतं.

देवराव बिलोलीकडचे. काचीगुड्याला रेल्वेत रुळांच्या कामावर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. गाव सुटलं, शेत भावाकडं राहिलं, पण भागूबाईनं गोठा काही सोडला नाही. दारात म्हैस नसली की तिला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटायचं. मैदानाच्या जुन्या मालकानं त्यांना कोपऱ्यात राहू दिलं होतं. मग भोवती अपार्टमेंटी उठल्या, मैदान सोसायटीनं सांभाळायला घेतलं आणि म्हैस सोसायटीच्या डोळ्यांत खुपायला लागली. गंमत अशी, की अर्ध्या अपार्टमेंटीचा सकाळचा चहा चांदीच्याच दुधाचा असायचा. दूध सगळ्यांना हवं होतं. शेण मात्र एकट्या भागूबाईचं.

सोसायटीचे अध्यक्ष अरविंद हे पुण्याहून आलेले, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठे साहेब. माणूस वाईट नव्हता. एवढंच, की मनात एखादं काम घेतलं की त्याला नाव द्यायचे, आणि नाव दिलं की ते काम थोर आहे असं त्यांना स्वतःलाच वाटायला लागायचं. यंदाच्या कामाचं नाव होतं 'मुक्त मैदान'. आजच्या झेंडावंदनाला पाहुण्यांच्या भाषणाआधी त्याची घोषणा व्हायची होती. म्हणून घोषणेच्या आत म्हैस हलायला हवी होती, शहराबाहेरच्या कुठल्याशा डेअरीत.

देवरावांना त्यांनी बरोबर जागी पकडलं होतं. गावी देवरावांचा बाप शाळेचं झेंडावंदन कुंपणाबाहेर उभा राहून बघायचा. आत ये असं त्याला कुणी कधी म्हटलं नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही. बापाच्या बोटाला धरून देवरावही तिथंच उभे असायचे. आता त्याच झेंड्यासमोर पहिल्या रांगेतली खुर्ची, वर शाल आणि श्रीफळ! त्या माणसाचा जीव शालीत अडकला यात नवल काय? भागूबाईलाही हे ठाऊक होतं. म्हणूनच तर तिला जास्त राग येत होता.

सातच्या सुमारास टेंपो आला. चालवणारा खाजामियाँ खाली उतरला, चांदीच्या पोटाकडं बघितलं आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"या अल्ला! ये तो आज-कल में जनने वाली है. साब बोले, सामान है बोलके."

"घरगुती सामानच म्हणायचं हो ते," अरविंद घाईघाईनं म्हणाले. ते पांढराशुभ्र झब्बा घालून, छातीला तिरंगी बिल्ला लावून आले होते. "चढवा पटकन. आठला पाहुणे येतायत."

"रस्सी कां है? मेरे पास तो पिलाश्टिक की है, पलंगां बांधने की."

"पिलाष्टिकनं माझी म्हस बांधाल?" भागूबाई उसळली. "गळा कापंल तिचा!"

"हौ अम्मा, सच्ची बोल रै तुम. मैं नै बांधता."

कासरा होता तो चांदीच्याच गळ्यात. अंबाडीचा, दिरानं गावी हातानं वळलेला. चांदीला मैदानभर फिरून चरता यावं म्हणून भागूबाईनं तो चांगला लांबलचक करून घेतला होता. खाजामियाँनं तो हातात घेऊन ओढून बघितला आणि मान डोलावली. आता एवढं झाल्यावर म्हैस चढायला काहीच अडचण उरली नव्हती. भागूबाईनं चांदीच्या मानेवर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"देवराव," ती नवऱ्याला कधी नावानं हाक मारायची नाही, पण आज मारली. "बगा तिच्याकडं एकदा. मंग धाडा."

देवरावांनी बघितलं नाही.

तेवढ्यात मैदानाच्या मधोमध आरडाओरडा झाला. अरविंद झेंड्याची दोरी नीट आहे का ते बघायला गेले होते. वर्षभर ऊनपाऊस खात खांबावर लोंबकळणारी ती दोरी त्यांनी ओढली मात्र, आणि ती तुटून त्यांच्या डोक्यावर येऊन पडली. झाली का पंचाईत! सुट्टीचा दिवस, कोठीच्या बाजारातली दुकानं बंद. कुणी म्हणालं वाळत घालायची दोरी आणा, पण ती निघाली तुकड्या-तुकड्यांची. कुणी नाडी आणली. खाजामियाँच्या प्लास्टिकला मधे तीन गाठी होत्या, त्या कप्पीतून जाईनात. रस्त्यावर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि अरविंदांच्या झब्ब्याला दरदरून घाम फुटला.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा चांदीच्या गळ्याकडं वळल्या.

"भागूबाई," अरविंद जवळ येऊन एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तेवढा तो दोर द्या ना. देशाचं काम आहे."

"देशाला माझाच कासरा गावला व्हय?"

"झेंड्यासाठी मागतोय हो."

झेंड्याशी भागूबाईचं भांडण नव्हतं. तिनं गाठ सोडली, कासरा गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "घ्या. झेंड्याला न्हाई कशी म्हनू?"

अरविंदांच्या पत्नी सुलभाबाई धावत आल्या. "अहो, शेणाचा आहे तो! तसाच काय लावता?" मग बादलीत डेटॉल टाकून कासऱ्याला आंघोळ घातली गेली, चार जणांनी खांब आडवा केला, कप्पीत कासरा ओवला, खांब पुन्हा उभा केला आणि झेंडा बांधून तयार झाला. अरविंदांनी रुमालानं तोंड पुसलं.

"साब," खाजामियाँनं मागून विचारलं, "अब भैंस कू काय से बांधूं?"

"थांबा जरा. कार्यक्रम झाला की काढून देतो."

"काढून?" देवराव पहिल्यांदा बोलले. पांढरा सदरा, ताठ मान. "साहेब, झेंडा दिस बुडंस्तवर वर असतो. दरसाली तुमीच माईकवरनं सांगता."

अरविंदांनी झेंड्याकडं बघितलं, कासऱ्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. खाजामियाँनं खिशातून मोबाईल काढला, कुणाला तरी "हौ, आरौं" म्हणून येतो असं सांगितलं आणि टेंपो चालू करून निघून गेला. जाताना भागूबाईकडं बघून गालातल्या गालात हसला, तेवढं मात्र अरविंदांना दिसलं नाही.

देवराव आपल्या खुर्चीत जाऊन बसले. आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं का, हे त्यांच्या तोंडावरून काही समजत नव्हतं.

इकडं चांदी मोकळी सुटली होती, पण ती पळाली नाही. जिकडं कासरा तिकडं जायचं, ही तिची जन्माची सवय. ती सावकाश चालत कासऱ्याच्या मागं गेली आणि थेट खांबाखाली उभी राहिली. दोघा-तिघांनी हुसकावून बघितलं. ती नुसते कान हलवायची. शेवटी पाहुणे आलेच, तेव्हा तिला तिथंच राहू द्यावं लागलं.

पाहुणे म्हणजे एकनाथराव, सरकारी खात्यातले निवृत्त मोठे अधिकारी. दर वर्षी तेच असायचे आणि भाषणही तेच असायचं. त्यांनी कासरा ओढला, झेंडा सर्रकन वर गेला, फुलं खाली पडली आणि त्यातली बरीचशी चांदीच्या पाठीवर पडली. राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ उभे राहिले, चांदीही उभी होतीच. झेंडा असा फडकला, की एवढ्या वर्षांत कधी फडकला नसेल. दोर मजबूत होता ना!

मग सत्कार झाला. देवरावांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. बाप असता तर काय म्हणाला असता, हे त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी शाल दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरली.

अरविंदांनी 'मुक्त मैदाना'ची घोषणा आवंढ्याबरोबर गिळून टाकली आणि माईक पाहुण्यांच्या हाती दिला.

"मित्रहो," एकनाथरावांनी सुरुवात केली, "स्वातंत्र्य म्हणजे काय? स्वातंत्र्य म्हणजे बंधनातून मुक्ती! आज आपल्या गळ्यात कुणाचा दोर नाही..."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. चांदी मोकळ्या गळ्यानं खांबाला चिकटून उभी होती. पण आता तिनं पाठ बाकवली, एक पाय मागं टाकला आणि शेपटी वर उचलली. सगळ्या मैदानात फक्त भागूबाईला कळलं.

"अवो, कळा द्यायलाली ती!"

"...मुक्तीच्या वेदनांशिवाय," एकनाथराव म्हणत होते, "नवा जन्म होत नाही..."

"साहेब, तेच व्हायलालं, सरका जरा!" भागूबाई स्टेजवरून वाट काढत खांबाशी पोचली. चांदी तोवर खाली बसली होती. पाणमोट फुटली तसे पहिल्या रांगेतले लोक खुर्च्यांसकट मागं सरले. लहान पोरं पुढं आली, आया त्यांचे डोळे झाकायला लागल्या. कुणी म्हणालं डॉक्टरला फोन करा, कुणी म्हणालं पोलिसांना. एकनाथरावांचं भाषण त्यांना स्वतःला तोंडपाठ होतं, त्यामुळं ते आणखी थोडा वेळ चालू राहिलं. मग त्यांनी खाली बघितलं आणि माईक ठेवून दिला.

"आडोसा करा गं कुनीतरी!" भागूबाई ओरडली.

कुणी हलेना. मग सुलभाबाईंनीच स्टेजमागचा 'स्वातंत्र्य दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' असा मोठा पडदा सोडला आणि दोघी बायकांना घेऊन भोवती धरला. रेशमी साडीला चिखल लागला तरी त्यांनी सोडला नाही. पडद्याआडून भागूबाईचा आवाज येत होता. "माय माझी... दे जोर... आलं, आलं बग..." आणि एकदम, "अवो, या की! माझे एकटीचे हात पुरंनात!"

देवराव खुर्चीतून उठले. शाल खांद्यावर तशीच होती. पडद्याआड गेले, गुडघे टेकले, आणि दोघांनी मिळून इवलेसे पुढचे खूर धरून ओढले. चिकट, काळंभोर, ओलं पारडू मातीवर येऊन पडलं. वगार होती, चांदीची लेक. ती हलेना.

"पुसा तिला! नाक मोकळं करा! फडकं आना कुनी!"

फडकं कुणाकडं नव्हतं. देवरावांनी एकदाच खांद्याकडं बघितलं. मग शाल काढली आणि वगारीचं नाक, तोंड, छाती खसाखसा चोळायला लागले. जरीचे काठ, लोकर, सगळं चिकट पाण्यानं आणि रक्तानं भरलं. वगार शिंकली. मग तिनं मान उचलली आणि एवढ्याशा आवाजात ओरडली. चांदीनं वळून तिला चाटायला सुरुवात केली.

मैदानात टाळ्या झाल्या. भाषणाला झाल्या नव्हत्या एवढ्या झाल्या.

भागूबाई शालीकडं बघत बसली. "खराब झाली की तुमची."

"होऊ दे," देवराव म्हणाले. "बसलो हुतो न् मी खुर्चीत. बास झालं."

भागूबाई सकाळपासूनचं भांडण तिथंच विसरली.

एकनाथराव पुढं आले, वगारीच्या डोक्याला बोट लावून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "हिचं नाव स्वतंत्रता ठेवा!"

"नाव ऱ्हाऊ द्या साहेब," भागूबाई म्हणाली, "जागा ऱ्हाऊ द्या."

साहेबांना गाडीची घाई होती.

दिवस मावळताना अरविंदांनी स्वतः झेंडा उतरवला, नीट घडी घातली आणि कासरा गुंडाळून पत्र्याच्या घराकडं आले. मागं सुलभाबाई होत्या आणि त्यांच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता. त्यांच्या मागं दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, त्यांच्या मागं आणखी दोघी-तिघी. सगळ्यांकडं डबे होते.

"भागूबाई," सुलभाबाई लाजत म्हणाल्या, "चीक असेल ना? खरवस खाऊन किती वर्षं झाली! पुण्याला आई करायची."

भागूबाईनं वगारीला आधी पोटभर पाजलं होतं. उरलेला चीक तिनं सगळ्यांच्या डब्यांत थोडा थोडा घातला. पहिला चीक विकायचा नसतो, वाटायचा असतो. वाटताना तिनं अरविंदांनाही वगळलं नाही.

"मग साहेब," तिनं विचारलं, "चांदीला कवा धाडायची?"

अरविंदांनी बायकोच्या हातातल्या डब्याकडं बघितलं. "आता ओली बाळंतीण आहे, लगेच कसं हलवणार? पण नियम म्हणजे नियम, भागूबाई. तुम्ही असं करा..." त्यांनी थोडा विचार केला. "सव्वीस जानेवारीपर्यंत राहू दे. त्या दिवशी मात्र मैदान मुक्त झालंच पाहिजे."

"बरं," भागूबाई म्हणाली. त्यांच्या हातातला कासरा तिनं घेतला, नाकाशी नेऊन हुंगला आणि डेटॉलच्या वासानं तोंड वाकडं केलं. मग तो चांदीच्या गळ्यात घालून नीट गाठ मारली, आणि गाठ ओढून बघत म्हणाली, "पन साहेब, त्या दिवशी झेंडा कशानं चढवनार, त्ये आदी बगून ठिवा."