गोदू नावाची धावपट्टी

माझ्या नाकावर राग असतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या दुपारी फॅक्सचा कागद घेऊन मी आश्लेषाच्या टेबलाकडे निघाले, तेव्हा मधल्या दोघांनी मुकाट माना खाली घातल्या.

१९९९ चा ऑगस्ट. बंगळुरात हेब्बाळच्या तळ्यासमोर भाड्याच्या एका मजल्यावर आम्ही पंधरा जण एका परदेशी विमान कंपनीसाठी उड्डाणांचे आराखडे काढणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. मी पुण्याहून आलेली, टीमची प्रमुख. आश्लेषा माझ्या हाताखाली, तीनशे वर्षांपासून बंगळूरकर असलेल्या मराठी घरातली, मला अक्का म्हणणारी. कंपनीला अमेरिकेतून उत्तर ध्रुवावरून थेट आशियात यायचं होतं. वाट जवळची, पण खाली नुसता गोठलेला समुद्र. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक टप्प्यासाठी संकटात उतरायची सर्वांत जवळची धावपट्टी प्रोग्रॅमनं शोधून द्यायची होती. रशियानं नुकत्याच खुल्या केलेल्या लष्करी धावपट्ट्यांची अनोळखी नावं आम्ही रोज यादीत भरत होतो.

त्या दिवशी आमच्या आराखड्यावर पहिलं विमान निघालं होतं, दोनशे बारा माणसं घेऊन. आराखड्याची प्रत फॅक्सवर आली तेव्हा मी पेढे मागवायच्या बेतात होते. मग ध्रुवाजवळच्या टप्प्यासमोरचं नाव वाचलं. गोदू. लांबी दहा हजार फूट.

तिथे धावपट्टी नाही. साधं बेटसुद्धा नाही. तिथे बर्फ आहे आणि बर्फाखाली चार किलोमीटर पाणी. ध्रुवापाशी प्रोग्रॅमचं गणित गडबडतं का, हे तपासायला कुणीतरी ही खोटी धावपट्टी यादीत घातली होती आणि काढायचं विसरलं होतं.

कुणीतरी कशाला, नावच सांगत होतं. गोदूबाई म्हणजे आश्लेषाची आत्या. सणावाराला तिच्या हातचा डबा ऑफिसात यायचा आणि मीच तो सर्वांत आधी उघडायचे. मी आश्लेषाला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. दोनशे बारा माणसं तुझ्या आत्याच्या अंगणात उतरवणार आहेस का, असंही विचारलं. ती पांढरीफटक पडली. तिनं यादीच्या जुन्या नोंदी उघडल्या.

मग मी कंपनीच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विमान कुठे आहे ते पाहिलं. विमान वीस मिनिटांपूर्वी ब्याऐंशी अंश उत्तर अक्षांशाच्या वर गेलं होतं. दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्तावर असतात, त्यांची पोच तिथे संपते. पुढे फक्त जुना, लांब पल्ल्याचा रेडिओ. आणि सकाळपासून सूर्यावर वादळ उठल्यानं तोही मुका झाला होता. विमान रशियाच्या बाजूला बाहेर पडेपर्यंत, म्हणजे निदान दोन तास, वैमानिकाला काहीही कळवता येणार नव्हतं. अहवालासाठी म्हणून त्यानं विचारलं, चूक कुणाची.

"आमच्या एका नव्या मुलीची," मी म्हणाले, आणि आश्लेषाचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तासाभरानं ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात यादीतल्या नोंदींचा छापील कागद होता.

"अक्का, स्वल्प, जरा ही तारीख बघा," ती म्हणाली. "युगादी होती. मी रजेवर होते. आत्यानं तुमच्यासाठी होळिगे पाठवली होती."

नोंद अठरा मार्चची, पाडव्याच्या दिवसाची होती. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं संध्या. माझं.

सगळं डोळ्यांसमोर आलं. रिकामं ऑफिस, पुरणपोळीच्या तुपानं माखलेली माझी बोटं, कीबोर्डशेजारी स्टीलचा डबा. खोट्या धावपट्टीला काहीतरी नाव हवं होतं. डब्याच्या झाकणावर कोरलेलं गोदूबाईंचं नाव समोर होतं, तेच मी टाकलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले होते. मी फोनकडे बघत बसले आणि आश्लेषाही शेजारी खुर्ची ओढून बसली.

विमान रशियाच्या बाजूला पंचवीस मिनिटं उशिरा बाहेर पडलं. फोन आला तेव्हा अधिकाऱ्याचा आवाज बसलेला होता. ध्रुवाजवळ सामानाच्या कप्प्यात धूर असल्याचा दिवा लागला होता. वैमानिकानं वाट सोडून गोदूकडे नाक वळवलं आणि तो अकरा मिनिटं त्या दिशेनं गेला. पुढे दहा हजार फुटांची धावपट्टी आहे, घाबरू नका, असं त्यानं प्रवाशांना सांगितलं. बाराव्या मिनिटाला कळलं की दिवाच खोटा होता, आणि तो मागे फिरला.

अकरा मिनिटं.

"त्याला अजून आम्ही काही सांगितलेलं नाही," अधिकारी म्हणाला. "रेडिओ लागताच आधी त्यानंच निरोप दिला. ज्यानं ती धावपट्टी यादीत घातली, त्याचे आभार मानायला सांगितलेत. ती होती म्हणून लोक शांत राहिले, म्हणाला."

आश्लेषाला रिसीव्हरमधलं सगळं ऐकू येत होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"अहवालातलं ते नाव खोडा," मी म्हणाले. "माझं लिहा."

त्यानं अक्षरं सांगायला सांगितली. आश्लेषाचं नाव मी एका दमात सांगितलं होतं. माझं सांगताना दोनदा अडखळले.