माझ्यावरचा लाल रंग

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, लहान मुलांचे दंड मोजायची. हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग अंगावर घेऊन मी कारखान्यातून बाहेर पडले. हिरवा आला की मूल धडधाकट, पिवळा आला की जपा, आणि लाल आला की तडक रुग्णालयात भरती. अक्षरओळख नसलेल्या आईबापांनाही माझं म्हणणं कळायचं.

दवाखान्यातल्या सिस्टरच्या खिशात बसून मी घरोघर हिंडले. मुलं मला गुदगुल्यांची पट्टी म्हणत. फार लाड झाले हो माझे.

मग राज्यानं आरोग्याचं उद्दिष्ट ठरवलं. ठरल्या मुदतीत लाल रंगात एकही मूल राहता कामा नये! मी हरखून गेले. वाटलं, आता सगळ्यांना पोटभर मिळणार. कसलं काय! मुदत संपत आली तरी मुलं होती तशीच हडकुळी. तेव्हा वरच्या साहेबांनी नव्या पट्ट्या छापून आणल्या. त्यांच्यावरचा लाल भाग अगदी आखूड होता. माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली.

इस्त्रीवालीची मुलगी ठकी माझ्यावर लाल होती. नव्या पट्टीवर ती पिवळी भरली, आणि पिवळ्या मुलांना रुग्णालयात खाट मिळत नाही. तिची आई सिस्टरपुढे हटून बसली.

"ताई, जुनीनं बघा ना एकदा."

सिस्टरनं मला काढलं. ठकीचा दंड माझ्या वेढ्यात आला. लाल.

"दिसतंय गं मला," सिस्टर म्हणाली, "पण या जुनीचा रंग आता कुणी धरत नाही."

तरी ती साहेबांच्या हातापाया पडून आली. साहेब म्हणाले, उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालंय, आता लाल मूल कुठून आणता?

ठकी गेली. कागदावर ती शेवटपर्यंत पिवळीच होती. इस्त्रीवाली पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही.

पुढे उद्दिष्ट गाठल्याबद्दल दवाखान्याला मानपत्र आलं. त्याची गुंडाळी बांधायला दोरी सापडेना, म्हणून शिपायानं मलाच गुंडाळून गाठ मारली. कपाटावर धूळ खात मी अजून ते मानपत्र सांभाळते आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. घरात धाकटं भावंड असेल, तर त्याचा दंड अधूनमधून आपल्या मुठीत धरून बघा. तुम्हाला कळेल. कळल्यावर कुणाकडे जायचं, ते मात्र मला विचारू नका.