इकडे बघ ना

दुपारची जेवणं झाली की आमच्या घराला पेंग येते. पडदा हलतो न हलतो, पंखा स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो, आणि माझ्या स्क्रीनवरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत असते. व्हिडिओ जोडून देणं हा माझा धंदा. तुकडे एकापुढे एक लावायचे, बटण दाबायचं, आणि पट्टी शेवटाला पोचली की एक अखंड फिल्म तयार. डोळे मिटून करते मी हे. पण त्या आठवड्यात पट्टी त्रेसष्टवर आली की थबकायची, स्क्रीन पांढरी पडायची आणि प्रोग्रॅम मान टाकायचा. दर वेळी त्रेसष्टच. मेल्या, चौसष्टला काय काटे लागलेत?

दुसऱ्या कुणाचं काम असतं तर सांगितलं असतं, थांबा जरा. हे काम आईचं होतं. तिचा उजवा कान केव्हाच गेलाय. डाव्यात जे उरलं होतं तेही हळूहळू झिरपून चाललं होतं, आणि सोमवारी त्याच कानाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर भला माणूस, उगाच गोड बोलला नाही. "गाठ काढावीच लागेल. नंतर ऐकू येईल की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही." आईने मान डोलावली. घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "त्याच्या आधी एकदा ह्यांचा आवाज ऐकव."

ह्यांचा म्हणजे बाबांचा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे छोट्या चकत्यांवर रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा होता, आणि तो त्यांनी जन्मात दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. त्यामुळे घरच्या सगळ्या व्हिडिओंत आम्ही आहोत आणि बाबा कुठेच नाहीत. आहे तो फक्त कॅमेऱ्यामागून येणारा त्यांचा आवाज. "फटाकडी, नाक पूस आधी." फटाकडी म्हणजे मी. "दादासाहेब, पोट आत!" हा माझा भाऊ. आणि तुकडा कुठलाही असो, एकदा तरी, "अगं, इकडे बघ ना." आई बघेल तर शपथ. ती उशांना अभ्रे घालतेय, भांडी पुसतेय, आणि कॅमेऱ्याकडे कायम पाठ. "चला, काहीतरीच तुमचं!"

कॅमेरा चालू होता तोवर आम्ही हे टीव्हीवर बघायचो. मग तो बंद पडला. आता त्या चकत्यांवरच्या फाइली नुसत्या लावल्या तरी माझ्या कॉम्प्युटरवरचा प्लेअर गप्पकन बंद व्हायचा.

दादा ऑपरेशनसाठी घरी आला होता आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून अक्कल पाजळत होता. मशीन बंद करून चालू कर. तापलं असेल, पंख्याखाली ठेव. सगळं करून झालं. शेवटी म्हणाला, "आवाज वगळून करून बघ."

केलं. पट्टी त्रेसष्टवरून अशी सुळकन गेली, जणू कधी अडलीच नव्हती. फिल्म तयार.

"झालं की!" दादाने टाळी वाजवली.

"काय झालं, कपाळ? बाबा कुठायत यात?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला. पाठमोरी आई तोंडाने काहीतरी म्हणत होती, कुणाला ते कळत नव्हतं. दादाचा चेहरा पडला. मी विनाकारण त्याच्यावर आवाज चढवला होता, पण भीती वाटली की माझं हे असंच होतं. रविवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी आई ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या दारांच्या आत जाणार होती, आणि तिने मागून मागून काय मागितलं होतं?

एवढं मात्र कळलं, की त्रेसष्टला आवाजाची पाळी येते आणि दुखणं आवाजातच आहे. आवाज आहे तसा ठेवला तर फार जागा खातो, म्हणून यंत्रं त्याला घड्या घालून ठेवतात. घडी घालायची आणि ती उलगडायची जी रीत, तिला कोडेक म्हणतात. बाबांच्या कॅमेऱ्याची घडी जुन्या वळणाची. पण ती उलगडणारा कोडेक तर माझ्याकडे होता! विचार करता करता मान खाली गेली आणि गाल टेबलाला टेकला.

स्वप्नात आमचं जुनं घर होतं. बोळ जरा जास्तच लांब, फरशी गादीसारखी मऊ, आणि उजेड कुठून येतोय ते कळेना. बेल वाजली. बाबा आले! मी धावले, दादाही धावला. कडी मी काढणार, नाही मी काढणार. त्याचं कोपर माझ्या बरगडीत, माझी बोटं त्याच्या केसांत, आणि कडी आमच्या दोघांच्या मुठीत अशी अडकली की वर होईना, खाली होईना. दाराबाहेरून बाबांचं हसू ऐकू येत होतं. "अरे, कुणीतरी एकानेच उघडा! दोघं मिळून मला बाहेरच ठेवाल."

हे लहानपणी अगदी असंच व्हायचं. रोज.

गालावर टेबलाची कड उमटलेली, तशीच मी ओरडले, "दादा! माझ्या कॉम्प्युटरवर तू काही टाकलं होतंस?"

"मी? छे." मग डोकं खाजवत, "मागच्या सुट्टीत एक पिक्चर चालेना, तेव्हा कोडेकचा एक पॅक टाकला. सगळेच एकदम येतात त्यात. म्हटलं, असू दे, लागतं कधीतरी."

"कॉम्प्युटर आहे की माळा? माझा पॅक आधीपासून होता!"

"मग दोन झाले. बरंच की."

बरंच की! बाबांचा आवाज दाराशी आला की दोन्ही पॅक कडी काढायला धावत होते, आणि त्या झोंबाझोंबीत घरच कोसळत होतं. मी दोन्ही काढून टाकले, मशीन बंद करून चालू केलं, आणि एकच परत बसवला. मग श्वास धरून पहिली फाइल उघडली.

जरा खरखर झाली. आणि मग, "लाल दिवा लागला का? हां, लागला."

दादा होता तिथेच फरशीवर बसला. मला रडू आलं. आलं तर आलं, आपल्याच बापासाठी रडायला चोरी कसली?

पुढचं काम नेहमीचंच होतं. प्रत्येक तुकड्याचा आवाज मी आधी पूर्ण उलगडून साधा करून घेतला, म्हणजे वाटेत पुन्हा कुणाला घडी मोडायला नको. आणि सगळा डाव्या बाजूला वळवला. उजवीकडे पाठवून काय उपयोग, ते दार बंद. पट्टी निघाली. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. दादाने माझा खांदा इतका दाबला की मी फटका मारणार होते. चौसष्ट. पासष्ट. पुढचं आम्हाला नीट दिसलं नाही.

आई झोपून उठली, तिला खुर्चीत बसवलं. हेडफोन मीच कानांवर चढवले, आवाज जेवढा होतो तेवढा मोठा केला. आणि तिच्या डावीकडे, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. समोर बसून तिचं तोंड बघायचा धीर होत नव्हता.

स्क्रीनवर तरुण आई उशीला अभ्रा घालत होती.

"किती बारीक होते गं मी!" आई मोठ्याने म्हणाली. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ती हल्ली ओरडूनच बोलते.

मग तिची बोटं हेडफोनच्या डाव्या वाटीवर गेली. काय ऐकतेय ते मला पाठ होतं.

आणि आई वळली. स्क्रीनकडे नाही, डावीकडे, जिकडून आवाज आला तिकडे. हनुवटी वर, कपाळावरची बट मागे सारलेली, डोळ्यांत थोडा राग आणि खूप लाज.

"काय हो?" ती म्हणाली.

दारात मी उभी होते. एवढ्या सगळ्या व्हिडिओंत मी तिचा हा चेहरा कधी पाहिला नव्हता. बाबा जन्मभर कॅमेरा घेऊन त्याच्याच मागे होते.

ती भानावर आली. माझ्याकडे बघून ओशाळं हसली, डोळे पुसले.

"पुन्हा लाव," म्हणाली.

मी लावलं. आणि बाबांचा आवाज येताच ती पुन्हा वळली.